तीन महिन्यांची नोकरी आणि अर्जातील रकाना

सिल्वासाच्या इतिहासातील सर्वांत अल्प मुदतीची, आणि तरीही सर्वांत अधिक नाव मिळालेली नोकरी कोणती, असा प्रश्न कोणी केला तर त्याचे उत्तर ११ ऑगस्ट १९६१ या तारखेपाशी सापडते. १९५४ च्या जुलै-ऑगस्टात पोर्तुगीज अमलातून मुक्त झालेला, सिल्वासा हे मुख्य ठाणे असलेला दादरा आणि नगर हवेलीचा हा मुलूख पुढील सात वर्षे वरिष्ठ पंचायतीच्या कारभाराखाली जणू स्वतंत्र राज्यच होता. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध लावलेल्या दाव्याचा निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. आणि अखेर विलीनीकरणाची घटका आली तेव्हा भारताच्या पंतप्रधानांच्या सहीसमोर सही करावयास या चिमुकल्या मुलखाच्या वतीनेही कोणी तोलामोलाचा अधिकारी असणे अगत्याचे ठरले. तेव्हा के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्यांस एका दिवसापुरते दादरा-नगर हवेलीचे पंतप्रधान करण्यात आले, पंडित नेहरूंच्या सहीबरोबर त्यांची सही करारावर उमटली, आणि ते पद त्यांच्यासह समाप्त झाले. बदलानींनी पुढे कोठे अर्ज केला असता, तर ‘एका दिवसाची नोकरी, ती काय लिहायची!’ असा सल्ला त्यांस कोणत्याही शहाण्या माणसाने दिला नसता.

परंतु इतिहासाच्या दप्तरात नोंदली जाणारी नोकरी प्रत्येकाच्या वाट्यास येत नाही. सिल्वासाजवळच्या मसाट वा खडोलीच्या कारखान्यात तीन महिने पाळी करून बाहेर पडलेला, त्याआधी वापीत पाच महिने पॅकिंग विभागात काढलेला आणि त्याच्याही आधी एका गोदामात जेमतेम सहा आठवडे हजेरी भरलेला चोवीस-पंचवीस वर्षांचा तरुण झेरॉक्सच्या दुकानात बायोडेटा टाइप करून घेण्यास उभा राहतो, तेव्हा टाइप करणारा त्याला सहज विचारतो, ‘अनुभव काय टाकू?’ आणि तेथेच त्याची बोटे थबकतात. घरची वडील माणसे म्हणतात, एवढ्या नोकऱ्या दिसल्या की हा पोरगा कोठे टिकत नाही असा बभ्रा होईल, एकच टाक. खोलीतला सोबती म्हणतो, सगळ्या टाक, अनुभव जास्त दिसतो. दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे, आणि दोघांच्याही ध्यानात एक गोष्ट आलेली नाही. तिचा विचार पुढे करू. तत्पूर्वी या तुटक नोकऱ्या एवढ्या विपुल का झाल्या, हे पाहणे आवश्यक आहे, कारण रोगाचे निदान न करता औषध सुचविण्यात अर्थ नाही.

१९६१ च्या जनगणनेत ५७,९६३ लोकसंख्या असलेल्या, वारली, कोकणा, धोडिया आदी आदिवासी समाजांच्या शेतीवर व जंगलावर जगणाऱ्या या मुलखात १९६५ साली दान उद्योग सहकारी संघाच्या सहकारी औद्योगिक वसाहतीपासून कारखानदारीचा आरंभ झाला. पुढे सिल्वासा, मसाट आणि खडोली येथे सरकारी वसाहती झाल्या, आयकर व विक्रीकर यांतील सवलतींनी मुंबई-सुरतेचे भांडवल दमणगंगेच्या काठी ओढून आणले, आणि पॉलिएस्टरच्या सुताला पीळ देणारे, प्लॅस्टिकच्या वस्तू ओतणारे, तारा व केबल बनविणारे कारखाने एकामागून एक उभे राहिले. २००१ साली २,२०,४९० असलेली लोकसंख्या २०११ साली ३,४३,७०९ झाली, म्हणजे दहा वर्षांत निम्म्याहून अधिक वाढ. आणि त्याच गणनेत हजार पुरुषांमागे अवघ्या ७७४ स्त्रिया भरल्या. हा शेवटचा आकडा जरा थांबून वाचण्यासारखा आहे. कुटुंब मागे ठेवून आलेले, भाड्याच्या खोलीत चार-सहा जणांनी मिळून राहणारे, सणासुदीस आणि शेतीच्या हंगामास गावी परतणारे पुरुष ज्या गावात एवढ्या संख्येने राहतात, तेथे नोकरीची साखळी अखंड राहील कशी? खानदेशातला मुलगा लावणीला म्हणून गावी जातो, परत येतो तो त्याच्या जागी दुसऱ्याचे नाव हजेरीपटावर चढलेले असते.

मात्र नोकरी तुटण्याचा दोष केवळ कामगाराच्या गावच्या ओढीवर टाकणे अन्यायाचे होईल. एका वर्षात २४० दिवस भरले की कामगारास सलग सेवेचे संरक्षण मिळते, म्हणजे त्यास कमी करताना नोटीस आणि वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई देणे भाग पडते. हा नियम १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने घातला आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही तो कायम राहिला. या नियमाचा हेतू कामगाराला स्थैर्य देण्याचा. पण त्याचा विपरीत परिणाम असा की २४० चा आकडा जवळ येऊ लागला की ठेकेदार ‘ब्रेक’ देतो, पंधरा दिवसांनी दुसऱ्या नावाच्या ठेक्यावर त्याच यंत्रावर त्याच इसमास पुन्हा उभा करतो, आणि त्या बिचाऱ्याच्या बायोडेट्यात एका नोकरीच्या दोन नोकऱ्या होतात. ही युक्ती आजची नव्हे. मुंबईच्या गिरण्यांच्या भरभराटीच्या काळातही रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राहून कोणी कायम कामगार गैरहजर राहिल्यास त्याची जागा मिळेल या आशेवर तिष्ठणारा ‘बदली कामगार’ होताच, आणि त्याची वर्षेच्या वर्षे बदलीतच जात. कामगारांस कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून त्यांस बदली, तात्पुरते वा नैमित्तिक म्हणून वर्षानुवर्षे ठेवणे हे कायद्याने अनुचित प्रथांच्या यादीत घातले आहे. परंतु यादीत घातलेली प्रथा यादी वाचून बंद पडते असे नाही.

तेव्हा नोकरी देणाऱ्या अधिकाऱ्याने तुटक अनुभव पाहून कपाळास आठ्या घालाव्यात यात एक विसंगती आहे, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. जो कारखाना स्वतः सहा-सहा महिन्यांच्या ठेक्यावर माणसे घेतो, त्याच्याच कचेरीत बसून ‘तुम्ही कोठे टिकत का नाही?’ असे विचारणे म्हणजे पाऊस आपणच पाडून भिजलेल्यास दरडावणे होय. तथापि त्या अधिकाऱ्याची बाजूही समजून घ्यावी. सुताला पीळ देणाऱ्या यंत्रावर नवा माणूस उभा केला तर तुटलेला धागा सफाईने ओढून घेणे, बॉबिन वेळेवर बदलणे, तापमानाचा अंदाज घेणे हे अंगवळणी पडेपर्यंत कित्येक दिवस जातात, तोवर माल खराब होतो, आणि शिकून तयार झालेला माणूस दोन रुपये अधिक मिळतात म्हणून शेजारच्या कारखान्यात गेला की सारा खटाटोप व्यर्थ ठरतो. त्याचा संशय कामगाराच्या चारित्र्याविषयी नसतो; आपण शिकवलेले वाया जाईल काय, एवढाच त्याचा हिशेब असतो. या हिशेबास उत्तर देईल असा मजकूर बायोडेट्यात असावा, हे सारे कौशल्य.

आता ती गोष्ट, जी घरच्या वडील माणसांच्या आणि खोलीतल्या सोबत्याच्या ध्यानात आलेली नाही. बायोडेटा आणि छापील अर्ज हे दोन निराळे कागद आहेत, आणि त्यांचे नियम निराळे आहेत. बायोडेटा हे आपण आपल्याविषयी केलेले निवेदन. त्यात काय सांगावे आणि काय गाळावे याची मुभा आपणास असते, अट एवढीच की जे सांगू ते खरे असावे. परंतु समोरच्याने छापील प्रपत्र पुढे ठेवून ‘यापूर्वीच्या सर्व नोकऱ्यांचा तपशील द्या’ असा रकाना घातला, खाली ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे सत्य व पूर्ण आहे’ असे वाक्य छापले आणि त्याखाली आपली सही मागितली, तर तो कागद निवेदन राहत नाही, ती जबानी होते. आणि जबानीत गाळलेली गोष्ट ही खोटी सांगितलेल्या गोष्टीइतकीच महाग पडते. सरकारी नोकरीत निवड झाल्यावर भरून द्यावयाच्या साक्षांकन प्रपत्रात तर माहिती दडवल्यास उमेदवार अपात्र ठरेल असा इशारा आरंभीच दिलेला असतो, आणि पूर्वीच्या नोकऱ्यांची विचारणा करताना खासगी पेढ्याही वगळलेल्या नसतात.

हा इशारा पोकळ नाही. एका शारीरिक शिक्षण शिक्षकाने प्रपत्रातील आपल्यावरील खटल्याविषयीच्या प्रश्नास नकारार्थी उत्तर दिले म्हणून केंद्रीय विद्यालय संघटनेने त्यास सेवेतून दूर केले आणि सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली संघटनेची बाजू ग्राह्य धरली. त्याहून मासलेवाईक प्रकरण पंजाब नॅशनल बँकेचे. बँकेस शिपाई हवा होता आणि पदवीधर नको अशी अट होती. एका उमेदवाराने आपली पदवी लपवून जागा मिळवली. आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ती दडपणूक माफ करण्यास नकार दिला. म्हणजे लपवलेली बाब कमीपणाची नसून थोरपणाची असली तरी सुटका नाही! अर्थात २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात न्यायालयाने असेही सांगितले आहे की दडवलेली बाब क्षुल्लक आहे की गंभीर, याचा विचार मालकाने सारासार बुद्धीने करावा. ही सारी प्रकरणे फौजदारी खटल्यांची आणि शैक्षणिक पात्रतेची आहेत, तीन महिन्यांच्या नोकरीची नव्हेत, हे खरे. पण त्यांतले तत्त्व रकान्याकडे पाहते, रकान्यात कोणती बाब विचारली आहे याकडे नव्हे. म्हणून माझे मत निःसंदिग्ध आहे: प्रपत्राने ‘सर्व’ म्हटले असेल तर सहा आठवड्यांची नोकरीही लिहावी.

शिवाय ती न लिहिल्याने लपते, हा समजही आता जुना झाला. भविष्य निर्वाह निधीचा १२ अंकी सार्वत्रिक खाते क्रमांक, ज्यास सारे जण ‘यूएएन’ म्हणतात, २०१४ साली सुरू झाल्यापासून वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांतील कामगाराची प्रत्येक नोकरी एका धाग्यात ओवली जाऊ लागली आहे. त्या खात्यात शिरून सेवेचा इतिहास उघडला की एकाखाली एक ओळी दिसतात: आस्थापनेचे नाव, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख. नवा मालक रुजू करून घेताना नमुना ११ भरून घेतो, त्यात पूर्वी आपण या निधीचे सभासद होता काय हे विचारलेलेच असते; आणि मोठ्या कंपन्या तर उमेदवारालाच तो इतिहास मोबाईलवर उघडून दाखवावयास सांगतात. बायोडेट्यात दोन नोकऱ्या आणि पडद्यावर पाच ओळी, अशा वेळी जी गोष्ट होते तिला मुलाखत म्हणणे कठीण, ती उलटतपासणीच होते.

याच पडद्यावर सिल्वासाच्या कामगारांस हमखास चकवणाऱ्या दोन बाबी आढळतात, आणि त्यांची माहिती नसल्याने निष्पाप माणूसही खोटा दिसतो. पहिली अशी की कामगार ज्या कारखान्यात प्रत्यक्ष राबला त्याचे नाव तेथे नसते. निधीचा भरणा ठेकेदाराने केलेला, म्हणून नाव ठेकेदाराचे. बायोडेट्यात मोठ्या कंपनीचे नाव आणि नोंदीत कोणा एंटरप्रायझेसचे, ही तफावत पाहून तपासणाऱ्यास संशय आला तर त्याचा दोष नाही. दुसरी बाब अशी की ठेकेदार पुष्कळदा सोडल्याची तारीख भरतच नाही. मग तीन वर्षांपूर्वी सुटलेली नोकरी आजही चालूच आहे आणि हा गृहस्थ एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरी करीत आहे, असे चित्र उभे राहते. यावर उपाय सोपा आहे: जानेवारी २०२० पासून ही तारीख सभासदास स्वतः भरता येते, मात्र शेवटचा भरणा होऊन दोन महिने लोटलेले असावे लागतात.

मग बायोडेट्यात, जेथे निवड आपल्या हाती आहे, तेथे काय ठेवावे? माझा कौल असा आहे की ज्या नोकरीत यंत्र, हत्यार वा हिशेब असे काही हाती लागले आणि जे पुढील कामास उपयोगी आहे, ती दोन महिन्यांची असली तरी ठेवावी. ज्या नोकरीवाचून अलीकडच्या काळात मोठे भगदाड दिसेल, तीही ठेवावी, कारण रिकाम्या आठ महिन्यांविषयी समोरचा जे काय कल्पील ते तीन महिन्यांच्या नोकरीहून खासच वाईट असेल. आणि जी फार जुनी, निराळ्या धंद्यातली, आठवड्यांत मोजावी अशी आहे ती खुशाल गाळावी. पिकाच्या हंगामात केलेली मजुरी किंवा नातलगाच्या दुकानावर काढलेला महिना बायोडेट्यात हवाच असे नाही. मात्र सिल्वासाच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून किंवा येथल्याच कराड गावच्या शासकीय तंत्रनिकेतनातून बाहेर पडलेल्या मुलांनी शिकाऊ उमेदवारीची मुदत नोकरीच्या रांगेत बसवू नये. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील ही मुदत मुळातच ठरावीक असते, ती पुरी करणे हे चंचलपणाचे नव्हे, चिकाटीचे लक्षण आहे. आणि तिच्यावर निधीची वर्गणीही कापली जात नसल्याने ती सेवेच्या इतिहासात दिसत नाही. तिच्यासाठी ‘प्रशिक्षण’ असे वेगळे शीर्षक द्यावे.

उरलेल्या तुटक नोकऱ्या एकेक करून पानभर पसरण्याऐवजी एका छत्राखाली आणाव्यात. ‘जून २०२२ ते ऑक्टोबर २०२३, ठेकेदारामार्फत काम, मसाट व खडोली’ असा मथळा देऊन त्याखाली दोन-तीन ओळींत कारखान्याचे नाव, कंसात ठेकेदाराचे नाव, यंत्राचा प्रकार आणि ‘ठेक्याची मुदत संपली’ एवढे तीन शब्द लिहिले की वाचणाऱ्यास सोळा-सतरा महिन्यांचा एक सलग अनुभव दिसतो आणि त्याचे अर्धे प्रश्न आपोआप मिटतात. महिने गाळून केवळ सालेच लिहिण्याची जी चतुराई काही टाइप करणारे शिकवतात, ‘२०२२ ते २०२३’ असे लिहून डिसेंबर ते जानेवारीची नोकरी दोन वर्षांची भासवण्याची, ती मला पसंत नाही. ती अक्षरशः खोटी नसेल. पण मुलाखतीत पहिला प्रश्न तिच्यावरच येतो, आणि तेथून पुढे उमेदवाराच्या प्रत्येक खऱ्या वाक्याकडेही संशयाने पाहिले जाते.

नोकरी स्वतःहून सोडली असेल तर? कारण एका वाक्यात, सरळ आणि थंड डोक्याने सांगावे. रात्रपाळी प्रकृतीस मानवली नाही, घरी आजारपण होते, पगार वेळेवर होत नव्हता, खोलीपासून कारखाना दूर पडला; यांतले कोणतेही कारण लाजिरवाणे नाही. लाजिरवाणे असते ते जुन्या मालकाचा पाढा वाचणे. समोर बसलेला अधिकारी त्या क्षणी मनात एवढेच म्हणतो की उद्या हा माझ्याविषयीही असाच बोलेल. आणि ज्या स्त्रियांची नोकरी लग्न, बाळंतपण वा मुलाच्या शाळेपायी तुटली, त्यांनी तर त्या खंडाविषयी क्षमायाचना करण्याचे मुळीच कारण नाही. ‘कौटुंबिक कारणास्तव खंड’ एवढे लिहून पुढे जावे.

अल्पकालीन नोकरी ही दप्तरी किंमत नसलेली वस्तू आहे, ही समजूत सरकारनेही आता सोडलेली दिसते. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत सहा महिन्यांहून कमी वर्गणी भरून बाहेर पडलेल्यास निवृत्तिवेतनाच्या हिश्श्यातून एक छदामही परत मिळत नसे. जून २०२४ मध्ये ही अट काढून टाकण्यात आली, आणि तिचा लाभ दरवर्षी सात लाखांहून अधिक सभासदांस होईल असा अंदाज सरकारने त्या वेळी वर्तविला. एका वर्षात सात लाख माणसे सहा महिन्यांच्या आत नोकरी सोडतात किंवा त्यांची नोकरी सुटते! हा आकडा मसाटच्या कारखान्यातून तीन महिन्यांनी बाहेर पडलेल्या त्या तरुणाने ध्यानात ठेवावा, आणि त्याला चंचल म्हणणाऱ्या अधिकाऱ्याने तर अवश्यच ठेवावा.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही कामगार संहिता अमलात आल्या आणि प्रत्येक कामगारास लेखी नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक झाले. तेव्हा कामगार बंधूंना आणि भगिनींना एवढेच सांगणे आहे की काम तीन महिन्यांचे असो वा तीन आठवड्यांचे, पहिल्या दिवशी नेमणूकपत्र मागून घ्या, शेवटच्या दिवशी पगारपत्रकाची प्रत आणि अनुभवाचा दाखला मागा, दाखला नाकारला गेला तर नाव, तारखा व यंत्र वहीत टिपून ठेवा, आणि दोन महिन्यांनी यूएएनच्या खात्यात सोडल्याची तारीख चढली आहे की नाही ते पाहा. नसेल तर स्वतः भरा.